खाली खडी, वर डांबर

गेल्या उन्हाळ्यात सोलापूर–बार्शी रस्त्यावर वडाळ्याच्या अलीकडे पाण्याच्या नळासाठी रस्ता आडवा खोदला होता. एका बाजूची वाहने थांबवून दुसऱ्या बाजूची सोडत होते, त्यामुळे आमची एसटी त्या चराच्या काठाशी दहा-बारा मिनिटे उभी राहिली. मी खिडकीशी बसलो होतो आणि रस्त्याचा पोटापर्यंतचा छेद समोर उघडा पडला होता. टोपल्यातल्या भाकऱ्यांच्या चवडीसारखे थर दिसत होते. सर्वांत वर बोटभर जाडीचा ताजा काळा डांबरी थर, त्याखाली उन्हापावसाने करडे पडलेले त्याच्याहून जुने दोन थर, त्याखाली मुरुमात घट्ट बसलेली दीड-दोन इंची खडी, तिच्याखाली सोलिंगचे हाताने उभे लावलेले मोठे दगड, आणि अगदी तळाशी ओलसर काळी माती. वरचे थर यंत्राने टाकलेले आहेत हे त्यांच्या सारखेपणावरून कळत होते. खालच्या खडीत मात्र एक दगड दुसऱ्यासारखा नव्हता. क्रशरमधून पडलेली खडी साधारण एका घाटाची असते. ही हातोडीने फोडलेली होती, आणि दगड ज्याच्या त्याच्या मर्जीने फुटला होता.

माझ्या आजीने १९७२–७३ च्या दुष्काळात याच रस्त्यासाठी खडी फोडली. त्या चरात दिसली ती तिचीच, असा माझा दावा नाही. तिचे खडी केंद्र तिथून बरेच पुढे, वैरागच्या बाजूला होते. पण या रस्त्याविषयी कधीतरी नीट लिहावे, असे पूर्वी वाटून राहून गेलेले त्या दहा मिनिटांत पक्के झाले.

रस्ता सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. सोलापुरात त्याला बार्शी रोड म्हणतात, बार्शीत त्यालाच सोलापूर रोड म्हणतात, आणि मधल्या वैरागकरांना दोन्ही नावे वापरावी लागतात. तो राज्यमार्ग आहे हे मैलाच्या दगडाच्या हिरव्या टोपीवरून ओळखायचे. राष्ट्रीय महामार्गाची टोपी पिवळी असते. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही प्रतवारी १९४३ साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या बैठकीतून आली, म्हणजे कागदावर ही विभागणी स्वातंत्र्याच्या आधीची आहे. प्रत्यक्षात रस्त्याचा क्रमांक तोंडपाठ असलेला माणूस मला या सत्तर किलोमीटरांत भेटलेला नाही. शहरातल्या जुन्या कारंबा नाक्याच्या नावात मात्र हा रस्ता अजून टिकून आहे: कारंबा, गुळवंची, नान्नज, वडाळा, राळेरास, शेळगाव, वैराग, पानगाव आणि मग बार्शी, ही माळ आमच्याकडे लहान मुलांना पाढ्यांसारखी येते, कारण वाहक ती रोज म्हणतो.

खरे तर ‘बार्शी रोड’ या नावावर आधी दुसऱ्याच एका जागेचा हक्क होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग पुण्याकडून दक्षिणेला सरकत १८६० साली सोलापूरला पोहोचला, तेव्हा वाटेतल्या कुर्डुवाडीच्या स्थानकाला ‘बार्सी रोड’ असे नाव मिळाले, कारण बार्शीच्या पेठेत जाणाऱ्या मालाने आणि माणसांनी तिथे उतरायचे होते. बार्शी तिथून पस्तीसएक किलोमीटर! बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातला कापूस, तेलबिया आणि धान्य घेऊन बैलगाड्या बार्शीत उतरत, आणि तिथून पुन्हा गाड्या भरून हा माल रेल्वेला लागे. पुढे एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू करून ही गैरसोय दूर केली. ती पंढरपूर, लातूर, मिरज अशी वाढत गेली आणि १९५४ साली सरकारने ताब्यात घेतली. या छोट्या गाडीविषयी हौशी लोकांनी पुष्कळ लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. माझ्या दृष्टीने तिची महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. सोलापूर, कुर्डुवाडी आणि बार्शी हा एक त्रिकोण धरला, तर त्याच्या दोन बाजूंना रूळ मिळाले आणि तिसरी बाजू, म्हणजे सोलापूरहून सरळ बार्शी, तशीच राहिली. या तिसऱ्या बाजूवर आजतागायत रेल्वे नाही. तिथे जे काही आले ते गाडीवाटेने, मग खडीच्या रस्त्याने आणि मग डांबरावरून आले, आणि आमची गावे नेमकी याच बाजूवर आहेत.

नकाशावर ही बाजू सरळ दिसते, प्रत्यक्षात नाही. रस्ता कधी डावीकडे तर कधी उजवीकडे कलतो, आणि समोर सपाट रान असताना तो असा का वळतो हे मोटारीतून जाणाऱ्याला उमगत नाही. बैलगाडीच्या काळाचा विचार केला की उमगते. काळी माती पावसात फुगते, गाडीच्या धावेला चिकटते, आणि भरली गाडी आसापर्यंत रुतवते; उन्हाळ्यात तीच माती भेगाळून बैलाचा खूर अडकवते. म्हणून जुनी गाडीवाट शक्य तिथे माळाच्या कण्यावरून, मुरमाड जमिनीवरून जाई, आणि ओढ्यात उतरायचे तर जिथे तळाला खडक असेल तिथेच उतरे. नंतर आलेल्या अभियंत्यांनी ही वळणे काही ठिकाणी मोडली, तरी बरीचशी तशीच ठेवली, कारण काळ्या मातीवर बांधलेला रस्ता दर पावसाळ्यानंतर खचतो हे त्यांनाही लवकरच कळले. रस्ता कुठून जावा याचा पहिला निर्णय बैलांनी घेतला होता, असे म्हणायला माझी हरकत नाही.

गाडीवाट आपोआप पडते. तिच्यावर दगड घालायला मात्र माणसे लागतात, आणि सोलापूर जिल्ह्यात इतक्या मोठ्या संख्येने माणसे फक्त एकाच वेळी मिळतात, ती म्हणजे पाऊस पडत नाही तेव्हा. १८७६–७७ च्या दुष्काळात हा जिल्हा मुंबई इलाख्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. त्या वेळी सरकारने तलाव आणि रस्ते यांची कामे काढली. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव हा त्याच दुष्काळाचा. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मजुरी इतकी खाली आणली की दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडीशी चिल्लर एवढ्यावर माणसाने दिवसभर दगड फोडावा, असा हिशेब ठरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्जांमागून अर्ज केले आणि कित्येक ठिकाणी मजुरांनी कामे सोडून दिली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाली, आणि अंगात बळ असलेल्या माणसाला मदत हवी असेल तर त्याने सरकारी कामावर येऊन ती मिळवावी, हे तत्त्व पक्के झाले. मदत फुकट दिली तर लोक आळशी होतील, ही भीती त्या संहितेत ओळीओळीत आहे. उपाशी माणसाच्या आळसाची इतकी काळजी मी अन्यत्र वाचलेली नाही. खडी फोडणे हे काम त्या तत्त्वात चपखल बसते, कारण त्याला कौशल्य लागत नाही, अवजारे थोडी लागतात, ते कितीही माणसांना देता येते, आणि संध्याकाळी ढीग मोजता येतो.

जवळजवळ शंभर वर्षांनी आजीला जे काम मिळाले ते नेमके हेच होते.

आमचे गाव वैरागच्या अलीकडे, या रस्त्यापासून दोन कोसांवर. आजी तेव्हा पस्तिशीच्या आसपास असावी; तिची जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नाही. दोन वर्षे पावसाने दडी मारली होती, विहिरींचे तळ दिसत होते, आणि कडबा संपल्यावर बैलजोडी मिळेल त्या भावाला विकून झाली होती. गावातल्या पंचवीस-तीस घरांमधली माणसे मग रोज पहाटे रस्त्याच्या कडेच्या खडी केंद्रावर जाऊ लागली. पुरुष घणाने मोठे दगड फोडत आणि बायका हातोडीने त्यांची खडी करीत. जुन्या टायरची कडी करून त्यात दगड धरायचा, म्हणजे तो निसटत नाही आणि बोट वाचते. पण कड्या थोड्या आणि बायका पुष्कळ, म्हणून पहिले काही आठवडे सगळ्यांची बोटे फडक्यांनी बांधलेली असत. आमचा दगड काळा बेसॉल्ट. तो फुटताना त्याच्या धारदार कपच्या उडतात. आजीच्या डाव्या भुवईत तशा कपचीची खूण होती आणि ती तिला देवीच्या व्रणासारखी अंगाचीच वाटत असे.

तान्ही पोरे तीन काठ्यांना बांधलेल्या झोळीत. पाणी बैलगाडीवरच्या लोखंडी पिंपांतून यायचे. दुष्काळाने सगळ्यांना एका ओळीत बसवले असे आपण वाचतो, आणि पाटलाच्या घरच्या बायकाही पदर तोंडावर ओढून खडी फोडायला बसल्या होत्या, हे आजीही सांगे. फक्त तिच्या सांगण्यात ओळ एक होती आणि पाण्याची पिंपे दोन होती. खायला रेशनवरची परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापता थापता फाटायची आणि आजी तिला ‘लाल माती’ म्हणायची. मुलांना सुकडी वाटत. ती गोड असल्यामुळे माझ्या वडिलांना दुष्काळाची आठवण काढली की तोंडाला पाणी सुटे, आणि त्यावरून आजी त्यांच्यावर चिडे.

मोजमाप आठवड्याने होई. खडीचा ढीग चौकोनी रचून ठेवायचा, वरचा माथा सपाट करायचा, मग मिस्त्री फीत लावून लांबी, रुंदी, उंची वहीत लिही आणि त्यावरून ब्रासचा हिशेब निघे. ढिगाच्या पोटात माती आणि मोठे दगड दडपून वरून खडी पसरण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक होती, मिस्त्रीलाही होती, आणि म्हणून तो प्रत्येक ढिगातून अंदाजाने थोडी खडी वजा करी, प्रामाणिक ढिगातूनसुद्धा. हजेरीपत्रकावर कामावर न येणाऱ्या माणसांची नावे असत आणि येणाऱ्यांचे दिवस कमी लागलेले असत. आजीचे असे अकरा दिवस बुडाले होते. सासरे कधी गेले ते साल तिला आठवत नसे. हे अकरा दिवस मात्र ती शेवटपर्यंत विसरली नाही.

मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आजीच्या ओळीची लांबी मोजावीशी वाटली. त्या दुष्काळात लोक उपासमारीने मोठ्या संख्येने दगावले नाहीत, याचे बरेचसे श्रेय या कामांना दिले जाते, आणि ते खरे आहे. त्याच वेळी हेही खरे आहे की पुढची कितीतरी वर्षे रस्त्यांच्या कडेला फोडलेल्या खडीचे ढीग तसेच पडून होते, कारण खडी फोडायला माणसे होती, पण ती पसरायला लागणारा रोलर, पाणी आणि डांबर यांना लागणारा पैसा नव्हता. माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आमच्या फाट्यावरचा ढीग अजून होता. त्यावर गवत उगवले होते आणि आम्ही त्यावर चढून एसटीची वाट पाहत असू. काम द्यायचे म्हणून काढलेले काम आणि रस्ता हवा म्हणून काढलेले काम यांतला फरक मला त्या ढिगावर बसून कळायला हवा होता, पण तेव्हा त्यावरून जास्त लांबची एसटी दिसते एवढेच कळले.

रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांनी दुष्काळाच्या आधीच, १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात लहान प्रमाणात करून पाहिली होती. दुष्काळाने ती राज्यभर नेली. कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम हा माणसाचा हक्क ठरला, हा टेंपलच्या एक पौंड धान्यापासून फार लांबचा पल्ला आहे. काम मात्र पुष्कळदा तेच राहिले. नालाबंडिंग, पाझर तलाव आणि खडी.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू, याच रस्त्यावर मैलकुली होते. हा शब्द आता ऐकू येत नाही. मैलकुलीकडे रस्त्याचे ठरावीक मैल असत. साइडपट्टी सारखी करायची, मोऱ्यांतला गाळ काढायचा, खड्ड्यात मुरूम घालून चोपायचा, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे, आणि उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायचे. मैलांचे किलोमीटर होऊनही पदाचे नाव बदलले नाही, त्यामुळे आण्णा किलोमीटर मोजत आणि मैलकुली म्हणवून घेत. त्यांना आपल्या हद्दीतला प्रत्येक कडुनिंब, प्रत्येक चिंच माहीत होती. रस्त्याच्या कडेच्या चिंचांचा दरसाल लिलाव होई आणि कोणते झाड गोड, कोणते आंबट यावर बोली ठरे. आण्णांचे म्हणणे असे की, रस्ता खराब होतो तो वरून जाणाऱ्या ट्रकने नव्हे, खाली साचणाऱ्या पाण्याने. मोरी मोकळी असेल तर रस्ता दहा वर्षे टिकतो आणि तुंबलेली असेल तर एका पावसाळ्यात फुटतो. आता देखभालीचे ठेके निघतात, खड्डे पावसाळ्यानंतर एकदम बुजवले जातात, आणि मोरी तुंबली आहे हे रस्ता खचल्यावर कळते. मैलकुलीचा पगार वाचवून आपण किती डांबर घालवले, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

नान्नजचा उल्लेख केल्याशिवाय या रस्त्यावरून पुढे जाता येत नाही, कारण तिथे दुष्काळाची दुसरीच एक बाजू दिसते. सोलापूरपासून सुमारे बावीस किलोमीटरवर रस्त्यालगतच्या माळावर माळढोक पक्षी आहे, हे निसर्ग-अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी जगाच्या लक्षात आणून दिले ते १९७२ साली, म्हणजे आजी जेव्हा खडी फोडत होती त्याच सुमारास. नंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळावरचे काही तुकडे चराईपासून राखून गवत वाढवले गेले. उद्देश गुरांच्या वैरणीचा होता. माळढोकाला ते गवत मानवले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, आणि त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर इतके अवाढव्य आखले गेले, की त्यात गावे, शेते, बाजारपेठा सगळे आले. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर निर्बंध आले, लोक पक्ष्यावर चिडले, आणि पुढे न्यायालयापर्यंत जाऊन हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. तोवर पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. काळवीट अजून भरपूर दिसतात, लांडगेही आहेत, आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला द्राक्षांचे मांडव आहेत. याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस या द्राक्षांच्या जाती शोधून वाढवल्या, आणि ज्या माळावर कुसळांखेरीज काही येत नाही असे मानले जाई त्या माळाचे नाव द्राक्षांच्या बाजारात गेले. आजीला या मांडवांचे मोठे नवल वाटे. एसटी नान्नजला थांबली की ती दर वेळी म्हणे, “एवढं पाणी तवा कुठं हुतं रं?”

वैराग आले की बस रिकामी होते आणि पुन्हा भरते. संतनाथांच्या या गावाला मोठा बाजार आहे, आणि हिवाळ्यात इथून रात्रभर कांद्याचे टेम्पो सोलापूरच्या बाजार समितीकडे जात असतात. त्या दिवसांत रस्त्यावर कांद्याच्या पाती आणि सालपटे पसरलेली असतात आणि पहाटेच्या गाडीला त्यांचा वास येतो. वैरागच्या पुढे भोगावतीच्या खोऱ्यातून बार्शीपर्यंतचा भाग मला फारसा ओळखीचा नाही, म्हणजे मी त्यावरून शेकडो वेळा गेलो आहे, पण उतरलो कधी नाही. बार्शीत भगवंताच्या देवळापर्यंत आजी एकदा पायी गेली होती. दुष्काळ संपल्यावर केलेला नवस होता, आणि वाटेत तिने आपण फोडलेल्या खडीवरूनच चालायचा हट्ट धरला होता, असे आत्या सांगते. त्या वेळी वर डांबर नव्हते, खडीवर मुरूम दाबलेला होता, आणि आजीच्या पायात चपला नव्हत्या.

शेवटच्या काही वर्षांत ती डोळ्यांच्या दवाखान्यासाठी सोलापूरला यायची तेव्हा मी तिला आणायला जात असे. फाटा सोडून बस मोठ्या रस्त्याला लागली की ती खिडकीच्या गजाला धरून बसायची. दृष्टी अधू झाली होती, तरी एका ठिकाणी ती हमखास हात बाहेर काढायची, मी ओरडलो तरी काढायचीच, आणि म्हणायची, “हितनं त्या पुलापतूर आमच्या टोळीचा.” पूल म्हणजे एक साधी तीन नळांची मोरी. मधले अंतर अर्धा किलोमीटरही भरणार नाही. बस ते अर्ध्या मिनिटात तोडायची. मग ती हात आत घ्यायची आणि मोतीबिंदूच्या डॉक्टरांविषयी बोलू लागायची.

वडाळ्याच्या अलीकडचा तो चर महिन्याभरात बुजवला गेला. खोदून काढलेला माल कडेला पडला होता तोच परत आत लोटला, खालचे वर आणि वरचे खाली, आणि त्यावर डांबराचा ठिगळाएवढा पट्टा ओढला. पहिल्या पावसात तो खचला, मग त्यावर आणखी डांबर टाकले, आणि आता तिथे उंचवटा झाला आहे. चालकांना तो ठाऊक आहे, तरी रात्रीच्या गाडीला चुकतो. तेव्हा मागच्या बाकावरचे सगळे एकदम उचलले जातात, कोणाचे तरी डबे घरंगळतात, आणि वाहक दिवा न लावताच पुकारतो, “वडाळा आलं.”